आवाज तेवढा उतरला

आमचा विमानतळ केवढा, तर शाळेच्या वर्गाएवढा.
सामानाचा एकच पट्टा, तोही कुरकुरतो
हान्स-याकुपच्या गुडघ्यासारखा.
फलकावर सकाळपासून एकच शब्द: उशीर.
फॅरो बेटांवर धुकं असं पडतं
की खिडकीपलीकडची मेंढी
नुसती ऐकू येते.

मी साडेनऊपासून बसले आहे.
पिशवीत रूबार्बच्या मुरंब्याची बरणी
आणि लोकरी मोज्यांचे दोन जोड,
कारण ती आता डेन्मार्कची झाली,
इथला वारा पायांतून वर चढतो
हे विसरली असणार.
लेकीनं विचारलं, फुलं नाही नेत?
म्हटलं, फुलं नवऱ्याला न्यायची. सुन्नेवाला मोजे.

एकतीस वर्षं.
ती मला ओळखेल का, हा प्रश्नच नाही.
मी कुठल्या तोंडानं ओळख दाखवू, हा आहे.

सतरा-अठराच्या होतो, मासळीच्या कारखान्यात,
एका फळीला समोरासमोर.
कॉड चिरायचा, आतडी बादलीत, कलेजी डब्यात,
आणि मधे तोंडाला येईल ते बोलायचं.
एकदा तिच्या सुरीनं माझा अंगठा कापला,
हसता हसता.
व्रण अजून आहे. हिवाळ्यात आधी तो गार पडतो,
मग उरलेली मी.

ती गेली तेव्हा बोटीनं गेली.
धक्क्यावर सगळा गाव होता,
तिची आई, पाद्री,
उधारी बुडालेला दुकानदारसुद्धा.
मी नव्हते.
शिफ्ट होती, असं मी सांगितलं.
शिफ्ट नव्हती.
कारखान्यामागं बर्फाच्या पेट्यांवर बसून
मी बोटीचे भोंगे मोजले. तीन.
राग आला होता, आणि राग कशाचा
ते चाळिशी उलटल्यावर कळलं:
तिनं विचारलंच नव्हतं, तू येतेस का.

पावणेबाराला छतावर घरघर आली.
सगळ्यांनी एकदम माना वर केल्या,
फुगे घेऊन आलेली मुलं, टॅक्सीवाला टुम्मास,
विमानातून लग्नाचा सूट येणार होता तो पोरगा,
आणि कॉफीच्या मशीनला बांधलेला कुत्रा.
खिडकीची काच थरथरली.
मी उभी राहिले, स्वेटर खाली ओढला,
केसांवरून हात फिरवला, वेड्यासारखा.
मग घरघर डोंगराकडे वळली,
बारीक झाली,
शिवण उसवत जावी तशी गेली.
हान्स-याकुपनं माइक न घेताच सांगितलं,
"बर्गनला चाललं परत. उद्या बघू."

मुलं रडली. एक फुगा छताला जाऊन चिकटला.
टुम्मासनं धुक्याला शिवी दिली.
शिवी जुनी होती, धुकंही.
मी बसून राहिले.
माझ्या डोक्यावरून गेली ती,
फार तर हजार हातांवरून.
एकतीस वर्षांत एवढी जवळ
कधीच आली नव्हती.

दीड वाजता फोन. आधी नुसता गलका, नॉर्वेतला.
मग तिचा आवाज, जाड झालेला,
पण 'र' आमच्याच गावचा,
तोंडात गारगोटी धरल्यासारखा.
कशी आहेस नाही, हवा कशी नाही.
"मार्युन, तू आली होतीस?"

मी अंगठा चोळला.
"आले होते," म्हटलं. "आहे अजून."

पलीकडे तिनं नाक शिंकरलं, मोठ्यानं,
फळीवर असताना शिंकरायची तसं, नक्की बाहीतच.
मग म्हणाली, "मोजे आण. मी पातळ आणलेत."

घरी जाताना बोगदा लागतो, समुद्राखालचा.
रोजचाच आहे.
आज मात्र मी गाडी हळू घेतली
आणि सारखी वर बघत राहिले.